अमेरिकेच्या पश्चिमेत डिस्क गोल्फ आणि नॅशनल पार्क: १५ दिवसांत नेमकं काय बसतं?

चकती_धंतोली विचारतात:

नमस्कार मंडळी. विसर्जन आटोपलं की निघायचं आणि दसऱ्याच्या आत नागपुरात परत, असे घरातून निघून घरी येईपर्यंत १५ दिवस हातात आहेत. चार मोठी माणसं, लहान मूल नाही. व्हिसा झालेले आहेत. नागपूर-दोहा-लॉस एंजेलिस असं तिकीट बघतोय.

चौघांपैकी दोघे अल्टिमेट फ्रिस्बी खेळतो, डिस्क गोल्फचा (चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये, घालायचा खेळ) अनुभव म्हणजे रेशीमबागेच्या मैदानावर खांबाला नेम धरण्याइतकाच. उरलेल्या दोघांना खेळात रस नाही, त्यांना पार्क बघायचे आहेत. यादी अशी: ओक ग्रोव्ह (डिस्क गोल्फचा कोर्स), लास व्हेगास, झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोन आणि ऑग्डेन (तिथलाही कोर्सच).

प्रश्न: १) यातलं काय कापावं? २) इथून कोणत्या डिस्क न्याव्या? तिकडे उंचीवर त्या वेगळ्या उडतात हे खरं का? ३) पार्कच्या आत मोकळ्या जागेवर डिस्क फेकलेली चालते का? ४) चौघांसाठी आरव्ही (झोपायची सोय असलेली मोठी गाडी) घेतली तर हॉटेलं वाचतील का? ५) पार्कची फी परदेशी लोकांना वाढली म्हणतात, ती नेमकी किती?

---

वर्धा_रोड_३१:

आधी कापाकापी करू, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

यलोस्टोन काढा. ब्राइसपासून वेस्ट यलोस्टोन गाडीने साधारण नऊ तास, म्हणजे जाण्यायेण्यातच दोन अख्खे दिवस गेले. शिवाय सप्टेंबरच्या शेवटाला तिथे बर्फ पडू शकतो आणि घाटातला एखादा रस्ता दिवसभर बंद राहतो. योसेमिटीही काढा. झायनकडून तिथे पोचायला नऊ-दहा तास, मधे टायोगा खिंड ३,०३१ मीटरवर. ऑग्डेन सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेला आहे, तुमच्या वाटेवर नाहीच.

उरतं ते एक गोल चक्कर: लॉस एंजेलिस, व्हेगास, झायन, सीडर सिटी, ब्राइस, पेज, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिण कडा), फ्लॅगस्टाफ, परत लॉस एंजेलिस. नुसता रस्ता साधारण १,४०० मैल होतो, इकडचं तिकडचं धरून १,६०० मैल, म्हणजे २,६०० किलोमीटरच्या आसपास. गाडी जिथून घेतली तिथेच परत देता, त्यामुळे दुसऱ्या शहरात सोडल्याचा जादा आकार लागत नाही. नवख्यांच्या बजेटमध्ये हा आकार धरलेलाच नसतो.

चकतीसाठी नियम एकच ठेवा: ज्या दिवशी मुक्काम बदलायचा आहे त्याच दिवशी राउंड. पार्कचा दिवस पार्कलाच. अनोळखी कोर्सवर १८ होल खेळायला दोघांनाही अडीच ते तीन तास लागतात, कारण निम्मा वेळ पुढचा टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, कुठे आहे ते शोधण्यात जातो. त्याच दिवशी सकाळी सहा तासांची चढण झाली असेल तर नवव्या होलनंतर हात उचलत नाही.

दिवसांची मांडणी अशी करा.

१-२: नागपूर ते लॉस एंजेलिस. दुसरा दिवस झोपेला. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, विमानतळाजवळच मुक्काम करा आणि गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

३: ओक ग्रोव्ह सकाळी, दुपारी व्हेगासकडे, २७० मैल. शुक्रवारची दुपार असेल तर दिवसांची अदलाबदल करा. अख्खं लॉस एंजेलिस त्याच आय-१५ हायवेवर उतरलेलं असतं आणि साडेचार तासांचे सात होतात.

४: व्हेगासला सनसेट पार्कचा कोर्स उजाडताच. विमानतळाजवळच आहे. नंतर झायनच्या फाटकाजवळचं स्प्रिंगडेल, १६० मैल. यूटाला शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं.

५-६: झायन.

७: कोलोब कॅन्यन, हा झायनचाच वायव्येकडचा भाग, आय-१५ च्या ४० क्रमांकाच्या एक्झिटवरून आत. तिथून सीडर सिटी जवळ आहे, संध्याकाळी थ्री पीक्सचा कोर्स.

८: हायवे १४ ने वर चढत सीडर ब्रेक्स, मग ब्राइस. हा रस्ता ३,००० मीटरच्या घरात जातो. सकाळी गार असतं, जॅकेट डिकीत नको, हाताशी ठेवा.

९: ब्राइस.

१०: कानाबमार्गे पेज, १५० मैल.

११: डेझर्ट व्ह्यूच्या फाटकातून साउथ रिम.

१२: सूर्योदय बघून फ्लॅगस्टाफ, दुपारी थॉर्प पार्कचा कोर्स.

१३: फ्लॅगस्टाफ ते लॉस एंजेलिस, ४७० मैल. या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका.

१४-१५: परतीचं विमान.

नॉर्थ रिमचा विचार मनात असेल तर सोडा. तिथला जुना लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळाला.

---

सेमिनरी_हिल्स_हायझर:

डिस्कचा प्रश्न मी घेतो, तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

उंचीवर डिस्क वेगळी उडते हे अगदी खरं. कारण साधं आहे: हवा विरळ. उचल, अडथळा आणि डिस्कला कलवणारा जोर, हे तिन्ही हवेच्या घनतेवर चालतात. घनता कमी झाली की सुरुवातीच्या वेगात डिस्क उजवीकडे वळायची ती वळत नाही, तरंगतही कमी, आणि लवकर खाली येऊन डावीकडे झुकते. हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी. फोरहँडला दिशा उलट धरा. म्हणजे इथे सरळ जाणारी डिस्क तिथे ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे ओढणारी, असल्यासारखी वागते.

किती फरक? नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० वर. दोन्हीकडे २० अंश तापमान धरलं तर फ्लॅगस्टाफची हवा आपल्यापेक्षा जवळपास २० टक्के विरळ. पण गरम हवाही विरळच असते. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी सराव केला असेल तर हाच फरक १३ टक्क्यांच्या आसपास येतो. उन्हाळ्याने एवढं तरी भलं केलं म्हणायचं. तुमचा सराव पावसाळ्याच्या शेवटी होणार, तेव्हा १६-१८ टक्के धरून चाला.

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंग), टर्न (सुरुवातीला उजवीकडे वळणं), फेड (शेवटी डावीकडे झुकणं). उंचीवर तिसरा आकडा उणेच्या बाजूला जास्त असलेली डिस्क हवी. आणि स्पीडच्या मोहात पडू नका. डिस्ट्रॉयरसारखी १२ स्पीडची डिस्क हाताला तेवढा वेग नसेल तर ५० मीटरवर डावीकडे कोसळते आणि दोष डिस्कला जातो. अल्टिमेटमधून येणाऱ्याने पहिलं वर्ष ९ च्या वर जायचं कारण नाही.

दोघांत मिळून इतकं पुरे:

पुटर (जवळून टोपलीत टाकायची डिस्क), दोन सारखेच, एव्हिअर २/३/०/१. मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क म्हणून बझ ५/४/-१/१ किंवा माको३ ५/५/०/०, यातली एक प्रत्येकी. लांब टाकायची डिस्क, म्हणजे फेअरवे ड्रायव्हर, लेपर्ड३ ७/५/-२/१, ही उंचीवरची मुख्य डिस्क, दोन ठेवा. टीबर्ड ७/५/०/२ एक, सखल भागासाठी. साइडवाइंडर ९/५/-३/१ एक, फ्लॅगस्टाफला लांब टाकायला. फायरबर्ड ९/३/०/४ एक, वाऱ्यासाठी. व्हेगासला आणि थ्री पीक्सला दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा फायरबर्डखेरीज काही ऐकत नाही.

एकूण नऊ डिस्क, १७० ग्रॅमच्या हिशोबाने दीड किलो. काही १५० ते १६० ग्रॅमच्या घेतल्या तर उंचीवर आणखी सोपं जातं.

सगळ्या इथूनच नेल्या पाहिजेत असं नाही. तिकडे साध्या प्लास्टिकची डिस्क साधारण १० डॉलरला, चांगल्या प्लास्टिकची १८ ते २० ला मिळते. पुटर मात्र इथूनच हाताला बसवून न्या. पुटिंग डिस्कपेक्षा सवयीचं जास्त आहे. फायरबर्ड आणि टीबर्ड चांगल्या प्लास्टिकमध्ये घ्या. थ्री पीक्सला खडक आहेत, साध्या प्लास्टिकची कड एका राउंडमध्ये कातरल्यासारखी होते. पुटर साधाच बरा, साखळ्यांना धरून बसतो.

आता हाताचं. अल्टिमेटवाल्याची हमखास चूक म्हणजे डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर ठेवून सोडणं. १७५ ग्रॅमची मोठी चकती २७ सेंटिमीटर रुंद असते, तिला तरंग भरपूर, ती हे माफ करते. गोल्फची डिस्क २१ सेंटिमीटरची, कड धारदार. नाक वर गेलं की ती वर चढते, थांबते आणि मागे डावीकडे पडते. बोटं पंख्यासारखी पसरून धरायची सवय ड्रायव्हरला सोडा: चारही बोटं कडेखाली आवळून, अंगठा वर सपाट, मनगट किंचित खाली. सोडताना तळहाताची मागची बाजू आकाशाकडे असावी.

सरावासाठी बास्केट विकत घ्यायची गरज नाही. खऱ्या बास्केटच्या टोपलीची वरची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटिमीटरवर असते. २०० लिटरचा निळा ड्रम साधारण ९० सेंटिमीटरचा, तो वीतभर नाही, चार बोटं मातीत बसवला की उंची जुळली. झाकण काढा. १० मीटरची दोरी मोजून वर्तुळ आखा. या वर्तुळात पुट मारताना डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून उभं राहावं लागतं, मार्करच्या (डिस्क पडली त्या जागेच्या खुणेच्या) पुढे पाऊल टाकलं तर फाउल. अल्टिमेटवाले नेमके इथेच पुढे झेपावतात. रोज ५ मीटरवरून ३० आणि ८ मीटरवरून २०, एवढं महिनाभर केलं तरी तिकडे लाज जाणार नाही.

---

कायदेपंडित_सदर:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आणि कड्यावरून तर मुळीच नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमावलीत ३६ सीएफआर २.१ नावाचं कलम आहे. दगड किंवा इतर कोणतीही वस्तू दरीत, कॅन्यनमध्ये, गुहेत, डोंगरउतारावरून खाली किंवा उष्ण झऱ्यात फेकणं, लोटणं त्यात सरळ मना केलं आहे. "इतर कोणतीही वस्तू" यात डिस्क आली. २०२२ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून गोल्फचा चेंडू मारल्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि त्या व्हिडिओवरूनच माणूस शोधून गुन्हा नोंदवला गेला. कड्याखाली पायवाटा असतात, माणसं चालत असतात. दीडशे ग्रॅमची डिस्क हजार फुटांवरून डोक्यात पडली तर काय होईल ते सांगायला नको. फोटोपुरती हातात डिस्क धरून उभं राहा, सोडू नका.

पार्कमधल्या कॅम्पग्राउंडच्या मोकळ्या जागेत दोघांनी हलकेच झेलाझेली केली तर कुणी हरकत घेणार नाही, पण झाडाला नेम धरणं, झुडपांत शिरणं नको. यूटा-ॲरिझोनात जमिनीवर काळसर खडबडीत पापुद्रा दिसतो, तो सूक्ष्मजीवांनी धरून ठेवलेला असतो. एक पाऊल पडलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. डिस्क त्यावर पडली तर आधीच्या पावलांवरून किंवा खडकांवरून जा.

थ्री पीक्सची जमीन वेगळ्या खात्याकडे आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे. तिथे कोर्स मुद्दाम बांधलेला आहे, बिनधास्त खेळा.

---

हिशोबी_मामा:

फीचं मी सांगतो, कारण यात लोक शेकडो डॉलरच्या चुका करतात.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना वार्षिक पास २५० डॉलरला आहे. तिथल्या रहिवाशांना तो अजूनही ८० ला. पास न घेता गेलात तर ११ गर्दीच्या पार्कांत नेहमीच्या प्रवेशफीवर माणशी १०० डॉलर जादा, वय १६ आणि पुढे. तुमच्या यादीतले झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन, तिन्ही त्या अकरात आहेत. योसेमिटी, यलोस्टोनही.

मांडा: एका पार्कची गाडीची फी ३५ डॉलर, त्यावर चौघांचे ४००, झाले ४३५. तीन पार्कांचे १,३०५. आणि २५० चा एकच पास गाडीतल्या चौघांनाही चालतो. पहिल्याच फाटकावर तो वसूल होतो. ज्याच्या नावावर पास आहे तो गाडीत हवा आणि फोटो असलेलं ओळखपत्र, म्हणजे पासपोर्ट, हाताशी हवा. बऱ्याच पार्कांच्या फाटकावर रोख घेत नाहीत.

पासात न येणाऱ्या गोष्टी: पेजजवळचं हॉर्सशू बेंड, तिथलं पार्किंग शहराचं आहे, गाडीला १० डॉलर. अँटिलोप कॅन्यन नवाहो या मूलनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, तिथे वाटाड्याशिवाय शिरता येत नाही, तिकीट वेगळं. झायनमध्ये एंजल्स लँडिंगला चढायचं तर परवाना सोडतीने मिळतो: अर्जाचे ६ डॉलर, नंबर लागला तर माणशी ३.

कोर्सचं म्हणाल तर तुमच्या वाटेवरच्या चारही कोर्सवर खर्च असा काही नाही.

---

चकती_धंतोली:

काय बोलू जी, एवढ्या तपशिलाची अपेक्षाच नव्हती. यलोस्टोन कापलं. आरव्हीचं कुणी बोललंच नाही, ती घ्यायची का? आणि ऑग्डेन मनातून जात नाही, २०२१ च्या त्या शॉटची जागा बघायची होती.

---

वर्धा_रोड_३१:

आरव्ही नका घेऊ. पहिलं म्हणजे तुम्हा दोघांना इथे डावीकडून चालवायची सवय. तिकडे उजवीकडून चालवणं एका दिवसात जमतं, पण नऊ मीटरची गाडी घेऊन नाही. दुसरं, झायन ते माउंट कार्मेल रस्त्यावरचा १.१ मैलांचा बोगदा १९३० सालचा आहे. आधी मोठ्या गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवायचे, २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्याच बंद. मर्यादा रुंदी ७ फूट १० इंच, उंची ११ फूट ४ इंच, लांबी ३५ फूट ९ इंच. भाड्याच्या बहुतेक आरव्ही रुंदीतच अडकतात. तुमचा रस्ता कोलोबकडून जातो म्हणून बोगदा टाळता येतो, पण त्या बाजूचे लाल-पांढरे खडक बघायला एका संध्याकाळी जायचंच असतं. तिसरं, कोर्सच्या पार्किंगमध्ये आरव्ही मावत नाही. आणि चार माणसांच्या दोन खोल्यांचं भाडं आरव्हीचं भाडं, कॅम्पची जागा आणि डबल पेट्रोल यांच्यापेक्षा फार नसतं.

मधल्या आकाराची एसयूव्ही घ्या. चार मोठ्या बॅगा आणि डिस्कची पिशवी आडवी मावली पाहिजे.

---

सेमिनरी_हिल्स_हायझर:

ऑग्डेनबद्दल. तो शॉट फोर्ट ब्वेनाव्हेंचुरा कोर्सच्या शेवटच्या होलवरचा, जागतिक स्पर्धा, जून २०२१. जेम्स कॉनरॅडने २४७ फुटांवरून, म्हणजे ७५ मीटरवरून थेट साखळ्यांत घातली आणि पॉल मॅकबेथशी बरोबरी साधून पुढे प्लेऑफ जिंकला. बघावं असं ठिकाण आहे खरं, पण ब्राइसहून तिकडे जाऊन परत यायला दहा तास. ते पुढच्या वेळी, सॉल्ट लेक सिटीला उतरून: ऑग्डेन, मग ग्रँड टार्गीच्या रिसॉर्टमधला कोर्स, ग्रँड टीटन, यलोस्टोन. जुलै-ऑगस्टमध्ये.

यावेळी मान ओक ग्रोव्हचा. १९७५ मध्ये एड हेड्रिकने मांडलेला हा जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंटही त्याचंच. कोर्स पासाडेनाजवळ, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला लागून. न खेळणाऱ्या दोघांना सावलीत बसायला ओकची झाडं आहेत. जाण्याआधी यूडिस्क ॲपवर कोर्स चालू आहे का ते बघा, कारण त्या खोऱ्यात गाळ काढण्याची कामं निघतात आणि जानेवारी २०२५ चा मोठा वणवा शेजारच्याच आल्टाडेनात होता.

झुडपात डिस्क गेली की हात घालण्याआधी पानं बघा. तीन-तीन पानांचा गुच्छ, मधल्या पानाला लांब देठ, शरदात लालसर, तो पॉइझन ओक. अंगाला लागला की दोन दिवसांनी फोड येतात. त्याचं तेल डिस्कलाही चिकटतं, म्हणून त्या डिस्कला आणि हातांना साबण लावून गार पाण्याने धुवा. नुसत्या रुमालाने पुसलं तर तेल रुमालाला लागतं आणि मग घामाबरोबर तोंडाला.

थ्री पीक्सला ओक नाही, जुनिपर आणि खडक. तिथे काळजी रॅटलस्नेकची. डिस्क खडकाखाली गेली तर काठीने ओढा. संध्याकाळी खडक तापलेले असतात, साप तिथेच बसलेले असतात. सूर्य बुडाल्यावर पट्कन अंधार होतो, शेवटचा टी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी धरा. नेट नाही असं समजून कोर्सचा नकाशा हॉटेलच्या वायफायवर उतरवून ठेवा.

सनसेट पार्क आणि थॉर्प पार्क ही शहरातली बागच आहे. लोक कुत्री घेऊन मधून चालतात, त्यांचा हक्क पहिला. फेअरवेत, म्हणजे टी ते बास्केटच्या मधल्या पट्ट्यात, माणूस दिसला की थांबा. डिस्क भलतीकडे गेली तर "फोर" म्हणून जोरात ओरडा. मागून चौघांचा पटाईत गट आला तर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या, ते १५ मिनिटांत दिसेनासे होतात आणि तुम्ही निवांत.

---

आरटीओ_गिरीपेठ:

गाडीचं राहिलं.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा. सारथी पोर्टलवर अर्ज, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसत्या परवान्यावर गाडी देत नाहीत. गाडी ज्याच्या नावावर त्याचंच क्रेडिट कार्ड लागतं. डेबिटवर बरेच ठिकाणी नकार. चालक २५ वर्षांखालचा असेल तर रोजचा जादा आकार.

विमा: आपल्या कार्डावरचा फुकट विमा तिकडे चालेल असं गृहीत धरू नका. गाडीच्या नुकसानीचा आणि समोरच्याच्या नुकसानीचा, दोन्ही वेगवेगळे असतात, दोन्ही घ्या. बुकिंग करतानाच घेतला तर काउंटरवर होणारी ओढाताण टळते.

पेट्रोल पंपावर कार्ड घातलं की पाच आकडी झिप कोड मागतो. भारतीय कार्डाला तो नाही, व्यवहार फसतो. आत दुकानात जा, पंप नंबर आणि रक्कम सांगा, कार्ड द्या, मग भरा. उरलेली रक्कम कार्डावर परत येते, दोन-चार दिवस लागतात. डोंगराळ भागात ८५ ऑक्टेन दिसेल, घाबरू नका, पण गाडीच्या झाकणावर ८७ लिहिलं असेल तर ८७ च भरा. पेज ते साउथ रिमच्या पट्ट्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

डिस्क डिकीत उन्हात ठेवू नका. व्हेगासला सप्टेंबरअखेरही दुपारी ३५ अंश असतं, बंद गाडीत साध्या प्लास्टिकची डिस्क उभी राहिली तर पापडासारखी वाकते. आडव्या, एकावर एक.

आणि घड्याळ. नेवाडा, यूटा आणि ॲरिझोना यांची वेळ या दिवसांत सारखी नसते. यूटा नेवाडाच्या एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, म्हणून ब्राइसहून पेजला आलात की एक तास परत मिळतो. गंमत म्हणजे ॲरिझोनातच नवाहो भूमीवर मात्र यूटाची वेळ. पेजच्या आसपास फोन मधेच एक तास उडी मारतो. अँटिलोपच्या तिकिटावरची वेळ पेजची, म्हणजे ॲरिझोनाची धरायची. फोनमध्ये वेळ आपोआप बदलण्याचं बंद करून फिनिक्स लावून ठेवा.

---

चकती_धंतोली:

समजलं. शेवटचे दोन. डिस्क केबिनमध्ये न्याव्या की सामानात? आणि एंजल्स लँडिंगचा अर्ज कधी करायचा, आदल्या दिवशी चालतो का?

---

सेमिनरी_हिल्स_हायझर:

सामानात टाका. केबिनमध्ये बंदी नाही, पण दीड किलो प्लास्टिकच्या चकत्या स्कॅनरवर बघून बॅग उघडायला लावतात, उगाच रांग अडते. पुटर तेवढा हातातल्या पिशवीत, बॅग उशिरा आली तरी ओक ग्रोव्ह चुकणार नाही. त्याआधी डिस्क आणि बूट घासून धुवा. आपली काळी माती कडेच्या खोबणीत घट्ट बसते आणि तिकडे उतरताना मातीबद्दल विचारतात. दात घासायचा जुना ब्रश बरा. ताजी संत्री नेऊ नका, मिहानच्या विमानतळापासून दोह्यापर्यंत चालतील, लॉस एंजेलिसला फेकावी लागतील.

डिस्कवर नाव आणि ईमेल लिहा, पक्क्या मार्करने, आतल्या बाजूला. भारतीय मोबाइल नंबरवर तिथला माणूस फोन करणार नाही. तिकडचं ई-सिम घेतलं तर तो नंबर लिहा, ओक ग्रोव्हला हरवलेली डिस्क सापडवणाऱ्याने मेसेज केला तर तुम्ही अजून दहा-अकरा दिवस त्याच देशात असता.

---

हिशोबी_मामा:

सोडत दोन प्रकारची. एक हंगामाची, महिने आधी. दुसरी आदल्या दिवसाची: मध्यरात्री उघडते, दुपारी ३ ला बंद होते, निकाल ४ ला. ही वेळ झायनची, म्हणजे यूटाची. तुम्ही चौथ्या दिवशी दुपारी व्हेगासहून निघणार, तिथे तेव्हा २ वाजलेले असतील आणि मुदत संपलेली. सनसेट पार्कच्या पहिल्या टीवर जाण्याआधीच अर्ज टाकून मोकळे व्हा. अर्ज एकानेच, चौघांची नावं त्यातच. दोघांना कड्याची भीती असेल तर त्यांची नावं आधीच वगळा, नंबर लागल्यावर माणशी पैसे कापतात.